कवीला येथे असे म्हणायचे आहे

मूळ ग्रंथ आणि त्यावरची टीका यांच्या आकारमानाचे प्रमाण मराठीत सर्वाधिक कोठे बिघडले, असा प्रश्न कोणी विचारलाच, तर उत्तरासाठी बालाघाटाच्या डोंगररांगेतील अंबाजोगाईपर्यंत जावे लागते. (येथे टीका म्हणजे अर्थ उलगडून दाखविणारे भाष्य, असा जुना अर्थ घ्यावयाचा आहे, लग्नातले वरण पातळ झाले म्हणून जी होते, ती टीका वेगळी.) बीड जिल्ह्यातील या एकाच गावात मराठीचे आद्यकवी म्हणून ज्यांना मान मिळाला त्या मुकुंदराजांची समाधी आहे, आणि गीतेवर सव्वा लाख ओव्या लिहिणारे दासोपंतही याच गावचे. अर्थ सांगणाऱ्यांतला पहिला आणि अर्थ सांगणाऱ्यांतला सर्वांत न आटोपणारा असे दोघेही एकाच गावाच्या वाट्याला आल्यावर, त्या मुलखातील माणसांनी समोर आलेली ओळ निमूटपणे वाचून बाजूला ठेवावी, ही अपेक्षाच अन्यायाची ठरते.

मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ परंपरेने शके 1110 चा, म्हणजे इसवी सन 1188 चा मानला जातो. त्यात कथा नाही, नायक नाही, युद्ध नाही आणि विरहाने झुरणारे कोणी नाही. शंकराचार्यांच्या अद्वैत मताचे, म्हणजे जीव आणि ब्रह्म ही दोन नव्हेत या सिद्धांताचे, देशी भाषेत केलेले ते विवरण आहे. इंग्रजांच्या जुन्या वाङ्मयात पहिल्याच मोठ्या काव्यात नायक एका राक्षसाचा हात उपटून काढतो. मराठीचा आरंभ मात्र दुसऱ्या कोणाचे तरी अवघड म्हणणे सोपे करून सांगणाऱ्या पुस्तकाने झाला. जून महिन्यात दुकानात पाठ्यपुस्तकाच्या आधी त्याची मार्गदर्शिका, म्हणजे सर्वतोमुखी असलेले 'गाईड', संपते, याबद्दल शिक्षणतज्ज्ञ जो खेद व्यक्त करतात तो या इतिहासाकडे पाहता अनाठायी वाटतो, कारण मराठीत गाईड आधी आले आणि पाठ्यपुस्तक फार नंतर.

या आद्य मार्गदर्शिकेच्या पहिल्या गिऱ्हाइकाविषयीही एक आख्यायिका आहे. जैत्रपाळ (काहींच्या मते जयंतपाळ) नावाचा राजा साधुसंतांना पकडून आणी आणि रिकिबीत एक पाय ठेवून दुसरा पाय घोड्याच्या पाठीवरून पलीकडे जाईपर्यंत ब्रह्म दाखवा, असे फर्मावी. न दाखविता आल्यास साधूंची रवानगी वेठबिगारीवर होत असे. ज्याला समग्र वेदान्त घोड्यावर मांड टाकण्याइतक्या वेळात हवा होता, त्या राजाला परीक्षेच्या आदल्या रात्री 'महत्त्वाचे तेवढेच सांगा' म्हणणाऱ्या विद्यार्थिवर्गाचा मूळपुरुष मानण्यास हरकत नसावी. मुकुंदराजांनी ही अट पूर्ण केली आणि राजाची जागच्या जागी समाधी लागली, असे आख्यायिका सांगते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट त्यापुढची आहे: ज्याला रिकिबीतच ब्रह्म दिसले, त्या राजाच्या निमित्ताने पुढे 18 प्रकरणांचा ग्रंथ झाला. ऐकणाऱ्याला समजले एवढ्या कारणाने समजावून सांगणे थांबत नाही, याचा मराठीतील हा सर्वांत जुना पुरावा होय.

मुकुंदराजांचे अंबानगर म्हणजे मराठवाड्यातील अंबाजोगाई की वैनगंगेच्या काठचे विदर्भातील अंभोरा, हा वाद अभ्यासकांनी बरीच वर्षे चालविला, आणि ग्रंथाची उपलब्ध भाषा इतकी जुनी वाटत नाही म्हणून शके 1110 या सालाविषयीही शंका घेतल्या गेल्या. ग्रंथाच्या अर्थाविषयी मात्र फारसे भांडण झाले नाही. ग्रंथात काय आहे यापेक्षा तो आपल्या तालुक्यात लिहिला गेला की नाही, हा प्रश्न माणसाला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो, आणि त्यासाठी ग्रंथ वाचावाच लागतो असेही नाही.

दासोपंतांकडे वळल्यावर मात्र अंकगणिताचा आधार घ्यावा लागतो. शके 1473 मध्ये, म्हणजे 1551 साली, जन्मलेले आणि 1615 साली निवर्तलेले हे दत्तभक्त मूळचे आजच्या तेलंगणातील नारायणपेठचे. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी अंबाजोगाईत घालविला. त्यांच्या 'गीतार्णव' या टीकेची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. भगवद्गीतेचे श्लोक 700. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत, म्हणजे श्लोकामागे सरासरी तेरा. वामनपंडितांच्या 'यथार्थदीपिके'त बावीस हजारांच्या आसपास, म्हणजे श्लोकामागे तीसएक. आणि दासोपंतांकडे हे प्रमाण श्लोकामागे जवळजवळ एकशे ऐंशीवर जाते. अर्णव म्हणजे समुद्र, त्यामुळे ग्रंथकाराने वाचकाला अंधारात ठेवले असे म्हणता येत नाही. कुरुक्षेत्रावर श्रीकृष्णार्जुनांचा संवाद चालला असता अठरा अक्षौहिणी सैन्य शस्त्रे परजून ताटकळत उभे होते, ही कल्पना 700 श्लोकांपुरती कशीबशी पटते; सव्वा लाख ओव्यांच्या हिशेबाने ते उभे राहिले असते, तर हत्तीघोड्यांच्या वैरणीवरूनच तह झाला असता. दासोपंतांना रोज ढब्बू पैशाची शाई लागत असे, अशीही आख्यायिका आहे. एवढे झाल्यावर त्यांनी 'गीतार्थबोधचंद्रिका' नावाची गीतेवरचीच आणखी एक टीका लिहिली, यावरून समुद्रातही काही सांगायचे राहून गेले होते असा निष्कर्ष निघतो.

गीतेचा अर्थ ज्यांनी ज्यांनी सांगितला, त्यांतल्या प्रत्येकाला तो आपल्या आधी कोणास नीट सापडला नव्हता, असे नम्रपणे वाटत आले आहे. वामनपंडितांनी आपल्या टीकेला यथार्थदीपिका म्हटले, तेव्हा आधीच्या दिव्यांच्या उजेडाविषयी त्यांचे मत काय होते, हे वेगळे सांगण्याची गरज उरली नाही. लोकमान्य टिळकांना मंडालेच्या तुरुंगात गीतेत कर्मयोग सापडला आणि 1915 साली 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले. 1932 साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. ग्रंथाचा गाभा सापडण्यासाठी दाराला बाहेरून कुलूप असणे उपयुक्त ठरते, असे या दोन उदाहरणांवरून अनुमान करता येईल. 'गीतार्णव' लिहिताना दासोपंतांना मात्र कोणी कोंडून ठेवले नव्हते, आणि म्हणूनच त्यांचे काम अधिक थक्क करणारे आहे.

कागद पुरला नाही म्हणून असो वा अन्य कारणाने असो, दासोपंतांनी आपले एक तत्त्वविवरण कापडावर लिहिले. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद असे हे कापड 'दासोपंतांची पासोडी' म्हणून प्रसिद्ध आहे. पासोडी म्हणजे थंडीत पांघरण्याचे जाड सुती वस्त्र. मराठी समीक्षेच्या सर्व ग्रंथांत वाचकाला प्रत्यक्ष ऊब देऊ शकेल असा हा एकमेव म्हणावा लागतो. तिचा विषय पंचीकरण. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही पाच सूक्ष्म भूते एकमेकांत मिसळून स्थूल सृष्टी कशी होते, याची वेदान्तातील ही मांडणी असून तिचे सूत्र असे, की प्रत्येक स्थूल भूतात निम्मा भाग त्या भूताचा स्वतःचा असतो आणि उरलेल्या निम्म्यात इतर चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश येतो. डोळ्यांना दिसणारी माती म्हणजे निव्वळ पृथ्वीतत्त्व नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे.

हाच हिशेब वाङ्मयीन अर्थाला लावून पाहण्याजोगा आहे. दहावीच्या उत्तरपत्रिकेत एखाद्या कवितेचा जो अर्थ उतरतो, त्याचे पंचीकरण केल्यास निम्मा भाग गाईडचा निघतो, एक अष्टमांश शिकवणीच्या सरांचा, एक अष्टमांश मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेचा, एक अष्टमांश पुढच्या बाकावरील हुशार मुलाचा, आणि शेवटचा अष्टमांश कवितेचा. मातीत निदान निम्मी माती तरी असते. तथापि या एका अष्टमांशावरही कविता तग धरते, कारण रसग्रहणाच्या उत्तरात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे आले, की परीक्षक समाधानी होतो. कोणत्याही कवितेची भाषा साधी, सोपी व ओघवती असते आणि कोणतीही कविता वाचकाच्या मनाचा ठाव घेते, ही दोन वाक्ये तयार ठेवणाऱ्यास कवितेची फारशी अडचण होत नाही. 'कवीला येथे असे म्हणायचे आहे' हे या वाङ्मयप्रकाराचे ध्रुपद होय. ते लिहिणाऱ्या मुलाचा आत्मविश्वास कवीलाही हेवा वाटावा असा असतो, कारण आपल्याला नक्की काय म्हणायचे होते याविषयी कवींचे एकमत क्वचितच असते, एकाच कवीचे स्वतःशी तर नसतेच.

रोलाँ बार्त या फ्रेंच समीक्षकाने 1967 साली लेखकाचा मृत्यू जाहीर केला. पुस्तक वाचकाच्या हाती पडले, की लेखकाच्या हेतूचा त्याच्या अर्थावर मालकी हक्क राहत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ही वार्ता बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, गेवराई या बाजूला अद्याप पोचलेली दिसत नाही, किंवा पोचली असल्यास तिकडे कोणी सुतक पाळलेले नाही. अखंड हरिनाम सप्ताहात, म्हणजे सात दिवसांच्या पारायण-कीर्तनाच्या उत्सवात, व्यासपीठावर उभे राहिलेले महाराज 'तुकोबाराय म्हणतात' असेच सांगतात. 'म्हणाले' असे कोणी म्हणत नाही. कवी साडेतीनशे वर्षे वर्तमानकाळात बोलत आहे, समोर टाळकरी आहेत, विणेकरी आहे, आणि अर्थ लागला नाही तर तो लागेपर्यंत कवीलाच पुन्हा पुन्हा बोलते करण्याची सोय आहे. वारकरी कीर्तनाची रीत अशी, की एक अभंग निरूपणाला घ्यायचा, त्याचे एकेक चरण फोडायचे, आणि प्रत्येक विधानाला संतवचनाचा आधार द्यायचा. या आधाराला 'प्रमाण' म्हणतात. विद्यापीठीय प्रबंधात हेच काम तळटीप करते, फरक इतकाच की तळटीप चालीवर म्हणता येत नाही आणि तिच्यावर मृदंग वाजत नाही.

प्रतीकांच्या बाबतीत या परंपरेने एक फार सोयीची व्यवस्था लावून ठेवली आहे. प्रतीक म्हणजे जी वस्तू स्वतःखेरीज आणखी कशाचा तरी निर्देश करते ती. कीर्तनात हा निर्देश बहुधा शरीराच्या आत होतो. रावणाची दहा तोंडे ही पाच ज्ञानेंद्रिये आणि पाच कर्मेंद्रिये होतात. रावण रजोगुण, कुंभकर्ण तमोगुण आणि बिभीषण सत्त्वगुण ठरतो. कुरुक्षेत्र हा देह, रथाचे घोडे ही इंद्रिये आणि लगाम हे मन. अशा रीतीने रामायण-महाभारतातील झाडून साऱ्या पात्रांची बदली अखेर श्रोत्याच्या अंगातच होते, आणि दोन तास मांडी घालून बसलेल्या श्रोत्यास आपल्या देहात लंका, कुरुक्षेत्र आणि गोकुळ एकाच वेळी नांदत असल्याचे कळते. गुडघ्यांत आलेल्या मुंग्यांचा उलगडा मात्र निरूपणात होत नाही.

गेवराई तालुक्यात गोदेच्या काठी पांचाळेश्वर हे महानुभाव पंथाचे मोठे तीर्थस्थान आहे. या पंथाने अर्थनिर्णयाचा प्रश्न तेराव्या शतकातच निकालात काढला होता. केशिराजबासांच्या 'दृष्टांतपाठ' या ग्रंथात चक्रधरस्वामींनी सांगितलेल्या दृष्टांतांची मांडणी तीन पदरी आहे: आधी सूत्र, म्हणजे सिद्धांताचे वाक्य; मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट; आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतील कशाने काय समजायचे याचा खुलासा. गोष्ट सांगून झाल्यावर श्रोता वाटेल तो अर्थ घेऊन घरी जाईल, ही धास्ती त्या काळीही होती असे दिसते. जन्मांध माणसांनी हत्ती चाचपून पाहिल्याची गोष्ट याच ग्रंथात आहे, आणि वाङ्मयीन चर्चासत्रांचे त्याहून अचूक वर्णन मराठीत पुढे झालेले नाही. याच पंथाने पुढे आपले ग्रंथ 'सकळ लिपी' सारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि त्यांची किल्ली बाहेरच्या अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सापडली नव्हती. महानुभावांनी सोपे गद्य गूढ लिपीत लिहिले. आजची समीक्षा गूढ गद्य सोप्या लिपीत लिहिते. यांपैकी पहिल्या पद्धतीत किल्ली मिळाल्यावर दार उघडते, हा तिचा विशेष.

चर्चासत्राचा उल्लेख आलाच आहे, तर त्यावर थोडे थांबावयास हवे. महाविद्यालयीन चर्चासत्रात कलाकृतीचे 'आशयसूत्र', म्हणजे तिच्यातील सर्व घटनांना ओवून घेणारा मूळ विचार, शोधले जाते आणि ते उद्घाटन व भोजन यांच्या दरम्यान बहुधा सापडते. व्यक्तिरेखांचे दोनच वर्ग असतात: व्यवस्थेचे बळी आणि व्यवस्थेचे प्रतिनिधी; जी पात्रे दोहोंत बसत नाहीत ती गुंतागुंतीची ठरतात आणि वेळेअभावी वगळली जातात. 1983 साली अंबाजोगाईत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी व्यंकटेश माडगूळकर होते. 'बनगरवाडी'च्या या लेखकाच्या लिखाणात मेंढरू हे मेंढरू असते, त्याला लोकर असते आणि दुष्काळात ते मरते. त्याच मेंढरावर जेव्हा शोधनिबंध लिहिला जातो, तेव्हा ते मूक समाजमनाचे प्रतीक होते. पाटोद्याच्या बाजूच्या एखाद्या धनगरास ही गोष्ट कोणी समजावून सांगितली, तर समाजमनाला चारा कोण घालतो, एवढी एकच शंका तो काढील, आणि ती शंका समीक्षेच्या दृष्टीनेही क्षुल्लक नाही.

कारण अर्थाचे थर ओळखण्यात या जिल्ह्यातील माणूस मुळीच कच्चा नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत: सरळ अर्थ देणारी अभिधा, सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा संबंधाने दुसरा अर्थ देणारी लक्षणा, आणि न बोललेले सुचविणारी व्यंजना. अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त व्यंजनेसाठी सूर्य मावळल्याचे उदाहरण घेतले, ज्यात एकच वाक्य गुराख्याला गाई वळवायला, दुकानदाराला माल आवरायला आणि प्रेयसीला बाहेर पडायला सुचविते. मम्मटाला बीड जिल्ह्यात यावयास मिळाले असते, तर 'आभाळ आलंय' या दोन शब्दांवर त्याचे काम भागले असते: कापूस वेचायचा राहिलेल्याला त्यातून एक कळते, मंडपवाल्याला दुसरे, तीन वर्षे कोरडी काढलेल्याला तिसरे, आणि निरूपणाच्या भरात असलेल्या महाराजांना, आता आवरते घ्या, असे चौथे. लक्षणेसाठी तर शास्त्राने गंगेवर वसलेला गवळीवाडा इतकी वर्षे उगाच राबविला. बीडमधून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात, आणि मुकादमाच्या वहीत ती माणसे म्हणून न येता 'कोयते' म्हणून येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. या अर्धा कोयता म्हणवल्या गेलेल्या माणसाला लक्षणेची व्याख्या येत नसेल, पण हत्याराच्या नावाने माणूस मोजल्यावर काय सुचविले जाते, हे त्याला उचल घेतल्या दिवसापासून ठाऊक असते.

अशा घरातील मुलासमोर भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा येते, तेव्हा अर्थनिर्णयाचा सारा डोलारा थोडा वेळ अवघडून उभा राहतो. बाजारात भाव न मिळालेले टोमॅटो शेतकरी बाप स्वतःच्या पायांनी तुडवितो, एवढी ही घटना. लाल चिखल कशाचे प्रतीक आहे, या प्रश्नाला शोषणाचे, हताशेचे, संतापाचे, अशी उत्तरे चालतात आणि ती चुकीची नाहीत. ज्याच्या बापाने असे टोमॅटो प्रत्यक्ष ओतून दिलेले आहेत, त्या मुलाला मात्र चिखल कशाचे प्रतीक आहे यापेक्षा कॅरेटला काय भाव होता हे आधी आठवते, आणि त्याने तेवढेच लिहिले तर उत्तर अपुरे म्हणून गुण कापले जातात. येथे गाईड कमी पडते. ज्याला अर्थ आधीच माहीत आहे त्याच्यासाठी ते छापलेले नसते.

टीकेने मूळ ग्रंथ जिवंत ठेवला, हे मान्यच करावे लागते. निरूपणकार नसते तर कित्येक अभंग वाळवीच्या वाट्याला गेले असते. दासोपंतांसारख्यांनी तर टीकेलाच मूळ ग्रंथाची योग्यता आणून दिली, आणि आता त्या टीकेवरही प्रबंध होतात. तक्रार इतकीच, की अर्थ सांगणारे वाढत गेले आणि मूळ ओळ वाचणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत. म्हणून वाचकांना एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. 'विवेकसिंधु'च्या ओव्या पावणेसतराशेच्या आसपास आहेत. रोज दोनशे चाळीस ओव्यांच्या हिशेबाने एका सप्ताहात ग्रंथ वाचून होतो. येत्या सप्ताहात तो वाचावा, आणि त्यात काय म्हणायचे आहे हे सांगण्यासाठी कोणी शेजारी येऊन बसलेच, तर त्याला पुढच्या सप्ताहाची तारीख द्यावी.